चौऱ्याण्णव दिवसांचं दार

कारखान्यात त्यांना सगळे 'सूतभर' म्हणत. समोर फोरमन, पाठीमागे सूतभर. टूल रूममधली माणसं मिलिमीटरच्या शंभराव्या भागात बोलतात. हे मात्र सुताराचे चिरंजीव, त्यामुळे कुठे काही बिघडलं की 'सूतभर चुकलंय' एवढंच म्हणायचे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्यांच्या कामात खरोखर सूतभर चूक झाली असती तर गाडीचं दार लागलंच नसतं. पण वडिलांची भाषा सुटत नाही, ती नाहीच सुटली.

मी कॉस्टिंग विभागात. त्यांची माझी ओळख बावीस वर्षांची. ती एका भांडणातून झाली, पण त्याचा इथे संबंध नाही.

टूल रूममध्ये साचे, म्हणजे डाय, बनतात. साच्याच्या दोन भागांमध्ये पत्रा दाबला की त्याचं दार होतं, छत होतं, बॉनेट होतं. साचे दोन प्रकारचे. कच्चा साचा मऊ धातूचा असतो. तो तीन आठवड्यांत ओतून होतो, तीन-चारशे दारं काढतो आणि मग त्याचे कोपरे बसतात. नमुना गाड्यांपुरता तो चालतो. पक्का साचा पोलादाचा. तो लाखो दारं काढतो, पण त्याला महिनोन् महिने लागतात आणि त्यात अडकवलेला पैसा परत काढता येत नाही. त्यामुळे एखाद्या गाडीबद्दल कंपनी काय बोलते, पोस्टरवर काय छापते, याकडे आम्ही लक्ष देत नसू. पक्क्या साच्याची ऑर्डर निघाली की गाडी खरी. तोवर बाजारात तुरी.

छोटी, स्वस्त, विजेवर चालणारी गाडी आमच्याकडे सहा वर्षांत तीनदा आली आणि तीनदा गेली. तिन्ही वेळा कच्चे साचे झाले, नमुने झाले, फोटो निघाले आणि काम थांबलं. दर वेळी काम थांबलं की टूल रूममधली चार-पाच माणसं दुसरीकडे जात. तेवीस होती, नऊ उरली. या वर्षी वरून स्पष्टच सांगण्यात आलं, की वर्षअखेरपर्यंत पक्क्या साच्याचं काम मिळालं नाही तर टूल रूम बंद. इतर गाड्यांचे साचे बाहेरच्या फर्मकडून येतच होते, छोटीचेही तिथूनच आले असते. नऊ जणांना जुळणीच्या लाइनवर जागा देऊ, असं कळवलं. तीस वर्षं हाताने पोलादाला आरशासारखी झिलई देणारा माणूस तिथे दाराला रबर लावत बसणार होता.

अशात छोटी गाडी चौथ्यांदा आली.

प्रकल्पाच्या प्रमुख एक इंजिनिअर बाई होत्या. बोलणं भरभर, चालणं त्याहून भरभर. एका सकाळी त्या छापील तक्ता घेऊन टूल रूममध्ये उभ्या राहिल्या.

"फोरमन, दाराच्या पक्क्या डायला दिवस किती? तेवढा रकाना भरायचा राहिलाय."

"दोन दिवस द्या."

"आकडा सांगायला दोन दिवस?"

"बाई, आकडा सांगायला दोन मिनिटं लागतात. खरा सांगायला दोन दिवस."

त्या हसल्या, पण तक्ता ठेवून गेल्या.

त्या दुपारी कँटीनमध्ये फोरमन माझ्या समोर येऊन बसले. चहा घेतला आणि ढवळतच राहिले.

"मला एक सांगा साहेब. लोकांना स्वस्त गाडी हवी. आपल्याला गाडी विकायची. मग घोडं अडतं कुठे?"

मी म्हणालो, "बॅटरीपाशी. छोट्या गाडीत छोटी बॅटरी घातली की माणूस शोरूममध्ये विचारतो, एका चार्जमध्ये किती जाते? उत्तर ऐकतो आणि शेजारच्या गाडीकडे वळतो. मोठी बॅटरी घातली तर गाडी स्वस्त राहत नाही."

"मग बॅटरी स्वस्त व्हायची वाट बघा."

"तेच करतात. दर वर्षी वाटतं, आणखी एक वर्ष थांबलो तर बरं. आणि समोरची कंपनी आधी उतरली तर तिचे हात पोळलेले बघून आपण शहाणे होऊ. समोरचेही असाच विचार करून थांबलेत."

"म्हणजे नदीच्या काठावर सगळे धोतर सावरून उभे. तुम्ही आधी, नाही नाही, तुम्ही आधी."

"अगदी. आणि बाकीचा खर्च कमी होत नाही हो. छोट्या गाडीला चाकं तीन लावून भागत नाही. स्टिअरिंग एकच, ब्रेक तेवढेच, धडकेच्या चाचण्या तेवढ्याच. मोठी गाडी दुप्पट किमतीला विकली जाते, पण बनवायला दुप्पट पैसे लागत नाहीत."

त्यांचा चमचा थांबला. "दाराचंही तसंच आहे."

"म्हणजे?"

"मी काढून बघितलंय. छोट्या दाराच्या डायला चौऱ्याण्णव दिवस. मोठ्या दाराच्या, सत्त्याण्णव. पत्रा वाढतो त्याचे काय ते तीन दिवस. कोपरे तेवढेच, बिजागरीची जागा तेवढीच, काचेची कड तेवढीच. वेळ खाते ती कडच."

प्रकल्पाच्या हिशेबात, जो माझ्याच टेबलावर होता, त्या रकान्यात साठ दिवस गृहीत धरले होते. साठ धरून गाडी मंजुरीच्या खर्चमर्यादेत कशीबशी बसत होती. चौऱ्याण्णव धरले की बाहेर. मी त्यांना ते सांगितलं. सांगायला नको होतं की काय, हे मला आजही नीट ठरवता येत नाही.

दोन दिवसांनी बाई पुन्हा आल्या तेव्हा मी टूल रूममध्येच होतो. फोरमननी आकडा सांगितला. बाईंनी दार लोटून घेतलं.

"साठ लिहा."

"होणार नाही साठमध्ये."

"मला माहितेय. मंजुरी तर मिळू दे. मग वाढवून घेऊ. सगळे असंच करतात, विचारा यांना." त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

त्या खोटं सांगत नव्हत्या. चौतीस वर्षांत माझ्या हाताखालून गेलेल्या फाइलींपैकी निम्म्या तशाच मंजूर झाल्या होत्या.

"आणि एकसष्टाव्या दिवशी मी काय दाखवू?" फोरमन म्हणाले. "अर्धं दार?"

"फोरमन, ही माझी तिसरी छोटी गाडी आहे. दोन माझ्या डोळ्यांदेखत गेल्या. आणि मी माझ्यासाठी नाही सांगत. बाहेर नऊ माणसं उभी आहेत." एवढं बोलून त्या गेल्या, आणि जाताना दार उघडंच टाकून गेल्या.

बाहेर नऊ माणसं खरोखरच उभी होती. त्यांतला पॉलिशवाला सगळ्यात जुना आणि सगळ्यात तोंडाळ. तो म्हणाला, "दादा, साठ काय, बाई म्हणाल्या तर सहा लिहा. लिहायला काय पोलाद लागतं?" सगळे हसले. फोरमन हसले नाहीत, तेव्हा बाकीचेही एकेक करून थांबले.

बैठकीला आठवडा होता. त्या आठवड्यात मी त्यांना जवळून पाहिलं. जेवणाचा डबा उघडायचे आणि दोन घासांनंतर बंद करायचे. पूर्ण झालेलं मोजमाप पुन्हा घ्यायचे. एकदा तर चष्मा डोक्यावर असताना मला विचारलं, चष्मा दिसला का? शनिवारी त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्या. खिडकीशी शिवणयंत्र. त्यांची बायको घरीच कपडे शिवते. ती काजं करत बसली होती. मला बघताच तिने हातातलं काम खाली ठेवलं.

"बरं झालं आलात भाऊजी. यांना सांगा काहीतरी. पानावर बसतात आणि हात तसाच राहतो. मी म्हटलं, अहो, साठ लिहा नाहीतर नव्वद लिहा, पण लिहून मोकळे व्हा!"

फोरमननी तिलाच विचारलं, "तू सांग. लहान पोराच्या सदऱ्याची शिलाई कमी घेतेस ना?"

"घ्यावी लागते. गिऱ्हाईक म्हणतं, एवढासा तर सदरा! कापड कमी लागतं हे खरं, पण कॉलर तीच, काजं तेवढीच, आणि बाही एवढीशी, की बोटं आत जात नाहीत. उलट जास्त वेळ जातो."

"मग करतेस काय?"

"मी कुठे करते? दोन वर्षं झाली, लहान मुलांचे कपडे घेणंच बंद केलंय. तुमचं लक्ष असतं कुठे?"

ती सहज बोलून गेली. फोरमन बराच वेळ शिवणयंत्राकडे बघत राहिले. मला वाटतं, पुढे काय होणार ते त्यांना तिथेच दिसलं असावं. तरी सोमवारी त्यांनी कागदावर चौऱ्याण्णव लिहिलं. तुलनेसाठी शेजारी मोठ्या दाराचे सत्त्याण्णव लिहिले, खाली सही केली आणि तो माझ्या हातात दिला. माझ्या हिशेबात मला तो आकडा घालावा लागला. गाडी मर्यादेच्या बाहेर गेली.

बैठक वरच्या मजल्यावर होती. फोरमनना बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं होतं. मी आत. बाई अर्धा तास बोलल्या, चांगल्या बोलल्या. बसने जाणारी शिक्षिका, दुचाकीवर दोन मुलं घेऊन जाणारा बाप, यांना ही गाडी घेता येईल, असं त्यांनी सांगितलं. ऐकताना मलाही वाटलं, होईल बहुतेक. मग अध्यक्ष माझ्या तक्त्यावर आले आणि त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं.

"हे दोन आकडे कोणी दिले? बोलवा त्यांना."

फोरमन आत आले. खुर्ची होती, पण बसले नाहीत.

"छोट्या दाराला चौऱ्याण्णव दिवस आणि मोठ्याला सत्त्याण्णव. नक्की?"

"हो साहेब."

"काही चूक?"

"सूतभरही नाही."

"छोटं दार मोठ्यापेक्षा एवढं छोटं असूनही?"

"साहेब, साच्याला दाराचे कोपरे कळतात. दाराची किंमत कळत नाही."

कोणीतरी हसलं. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"मग आपण छोटं दार करतोय कशाला?"

बाई म्हणाल्या, "कारण गाडी छोटी आहे."

"तेच विचारतोय मी."

त्यानंतर चाळीस मिनिटांत माझ्या डोळ्यांसमोर ती गाडी वाढली. आधी हातभर लांब झाली, मग बॅटरी वाढली, मग मागे सामानाला जागा आली, आणि किंमत दीडपटीवर गेली. मी आकडे बदलत गेलो, आणि खालचा शेवटचा रकाना, जो सहा वर्षांत कधी जमला नव्हता, तो जमला. छोटीचं काय, असं बाईंनी एकदा विचारलं. पुढच्या टप्प्यात बघू, असं उत्तर आलं. मंजुरी झाली. बाहेरच्या फर्मकडे वर्षभर जागा नव्हती, म्हणून दारांचे पक्के साचे आमच्याच टूल रूमला द्यायचं ठरलं.

बाहेर येऊन बाई फोरमनसमोर उभ्या राहिल्या. "तुमचं खातं वाचलं. अभिनंदन," म्हणाल्या. टोमणा होता की नाही, ते आवाजावरून कळलं नाही. डोळे मात्र लाल होते.

आम्ही जिना उतरत होतो. मधल्या वळणावर फोरमन थांबले.

"साहेब, माझ्या कागदामुळे मोठी झाली का हो?"

"नाही. तिला मोठं करायचं त्यांच्या मनात होतंच. निमित्त हवं होतं."

"ते मी दिलं."

"तुम्ही साठ लिहिले असते तर एकसष्टाव्या दिवशी तुम्ही खोटे ठरला असता, आणि गाडी चौथ्यांदा बंद पडली असती."

"तेही खरं," ते म्हणाले, पण पाय पुढे टाकला नाही. खालून कोणी येत होतं, त्याला वाट देण्यासाठी आम्हाला उतरावंच लागलं.

टूल रूममध्ये नऊही माणसं कामाचं सोंग घेऊन उभी होती. पॉलिशवाल्याला सोंगही जमत नव्हतं.

"दादा? मिळालं?"

"मिळालं."

"पक्के?"

"पक्के. चारही दारं."

एवढा आवाज झाला की शेजारच्या खात्यातली माणसं धावत आली. कोणी टेबल बडवलं, कोणी पॉलिशवाल्याला उचललं. तो खाली उतरला तो सरळ मी बैठकीतून आणलेल्या, पेनाने दार वाढवून काढलेल्या नकाशापाशी. त्याने वीत लावून दार मोजलं, पुन्हा मोजलं.

"ही कुठली गाडी? ही आपली छोटी नव्हे."

"हीच," फोरमन म्हणाले.

"ही आपल्याच्यानं कुठली घेववतेय?"

"आपण दारं करायची. क्रेनची साखळी तपासा आधी. डाय आता जड येणार."

साखळी तपासायला दोघं पुढे झाले, पण फोरमननी त्यांना बाजूला केलं आणि स्वतःच शिडीवर चढले. एकेक कडी हातात घेऊन, उजेडाकडे धरून बघू लागले. कामाच्या मंजुरीवर त्यांची सही व्हायची होती. मी कागद आणि पेन घेऊन खाली उभा राहिलो. निम्मी साखळी झाली तेव्हा मी एकदा हाक मारली. "येतो," म्हणाले आणि पुढची कडी हातात घेतली.