भाऊबीजेला बदली कोण

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी कर्जत स्टेशनावर उतरणारे परगावचे लोक दोनच प्रकारचे असतात. एक फार्महाऊसवर मजा करायला आलेले, आणि दुसरे त्यांना मजा करता यावी म्हणून राबायला आलेले. मी तिसऱ्याच प्रकारची निघाले. मी राबणाऱ्यांची तुलना करायला आले होते.

सांगलीच्या आमच्या अभ्यासमंडळाला एक पुस्तिका काढायची होती. बाहेरून पोटासाठी आलेले दोन समाज घ्यायचे आणि कोणाचं बरं चाललंय ते तपासायचं. कर्जतच्या फार्महाऊसांवरचे नेपाळी आणि खालापूरच्या कारखान्यांतले बिहारी अशी जोडी मीच सुचवली. निष्कर्ष पुण्याला गाडी बदलेपर्यंत तयार झाला होता आणि घाट उतरता उतरता त्याला शीर्षकही मिळालं. नेपाळ्यांना राहायला पक्की खोली आणि महिन्याच्या महिन्याला पगार, म्हणजे ते सुस्थितीत. बिहाऱ्यांच्या डोक्यावर ठेकेदार आणि एका खोलीत दहा माणसं, म्हणजे ते दुरवस्थेत. आता फक्त पुरावे गोळा करायचे राहिले होते.

भिसेगावात वडिलांच्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी राहतात, त्यांच्याकडे उतरले. त्यांनी चिवड्याची ताटली पुढे सरकवत सांगितलं की नेपाळी बघायचे तर आमच्या मायाकडे जा. ती नेपाळची आहे, पण तुझ्यापेक्षा चांगलं कर्जती बोलते.

गुरुजींची स्कूटर घेऊन गेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळं भात, काही कापलेलं, काही अजून उभं, आणि पश्चिमेला माथेरानचा सपाट माथ्याचा डोंगर. भाताच्या मधेच एकदम उंच भिंत सुरू होते, भिंतीवर काचा, फाटकावर कॅमेरा. त्या कॅमेऱ्यात बघून मी नमस्कार केला. फाटक मायाने उघडलं.

मायाची खोली पाहून माझा निष्कर्ष खूश झाला. फरशी, स्वतंत्र न्हाणीघर, गरम पाण्याची सोय, शेठने नवा घेतल्यावर दिलेला जुना फ्रीज. बाहेर पोहण्याचा तलाव, तलावात शेठच्या हौसेची बदकं. तलावाच्या कडेने गोंड्यासारखी जांभळी फुलं लावलेली होती. ती मखमली, माया म्हणाली. खुडली तरी महिनोन्महिने कोमेजत नाहीत. शेठना वाटतं बागेच्या शोभेसाठी लावलीत. ती होती भावासाठी.

मायाचा नवरा आजारी बापाकडे नेपाळला गेला होता, त्यामुळे सध्या स्वयंपाक, बाग, फाटक आणि बदकं, सगळं तिच्या एकटीवर. तिचा धाकटा भाऊ दीपक खालापूरकडच्या मोहोपाड्याला एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन आहे. म्हणजे शेजारचाच तालुका, पण तीन दिवाळ्या दोघांची भेट नाही. आपल्या भाऊबीजेलाच त्यांची भाइटीका असते. बहीण भावाच्या कपाळावर सात रंगांचा टिळा लावते, भोवती तेलाचं रिंगण घालते आणि उंबऱ्याशी अक्रोड फोडते, म्हणजे यम आत येत नाही. आपण नरकचतुर्दशीला पायाने कारीट फोडतो, तसंच काहीसं. पण त्याच दिवशी शेठच्या तिन्ही बहिणी शेठला ओवाळायला मुंबईहून फार्महाऊसवर येतात आणि त्यांच्या पुऱ्या मायाने तळायच्या असतात.

“गेल्या वर्षी टीका फोनवरच लावली,” माया म्हणाली. “त्याचं तोंड दिसत व्हतं, तिथं काचेवर सात रंग लावलं. फोन बंद झाला नि रंग काचेवरच राह्यलं. त्याच्या कपाळाला काय नाय.”

आणि यंदा दीपक नेपाळला जाणार होता, तिथून कतारला. किती वर्षांसाठी ते त्यालाही माहीत नव्हतं. मी म्हटलं, दुसऱ्या दिवशी जा की. शेठही तेच म्हणाले होते. मायाने माझ्याकडे दयेने बघितलं.

“दुसऱ्या दिवशी यम ऐकत नाय, ताई.”

शेठ तसे वाईट नाहीत. बदली माणूस दे आणि खुशाल जा, असं त्यांनी सांगितलं होतं. पण बदली आणायची कुठून? शेजारच्या भिंतींच्या आतही नेपाळीच आहेत, आणि दिवाळीला त्यांच्याही भिंतींच्या आत पाहुणे असतात. माझं रक्त तापलं. मी तिला सणाच्या रजेचा हक्क समजावून सांगितला, संघटना समजावली, शेवटी संपापर्यंत आले. तिने सगळं ऐकून घेतलं, बदकांना दाणे टाकले आणि विचारलं, “संप करू कुणाबरोबर? ह्यांच्याबरोबर?”

जेवायला तिने सेल (तांदळाच्या पिठाचं, कड्यासारखं तळलेलं गोड) वाढलं. मी चार खाल्ली.

पाडव्याला एसटीने चौक गावापर्यंत आणि तिथून मोहोपाड्याला रिक्षा. रिक्षात पुढे चालकाच्या मांडीला मांडी लावून एक माणूस, मागे आम्ही चौघं आणि एक कोंबडी. माथेरानचा डोंगर इथून पाठमोरा दिसतो, ओळखूच आला नाही. रसायनी औद्योगिक वसाहतीचा वास मात्र सांगावा लागत नाही. तो रिक्षा थांबायच्या आधीच नाकात येऊन बसतो.

बिहारी कामगार राहतात ती चाळ जनाकाकूंच्या शेतावर आहे, म्हणजे शेत होतं तिथे. काकू ओट्यावर पाय पसरून बसल्या होत्या.

“काय गं, मोजायला आलीस का?”

मी म्हटलं, बोलायला आलेय.

“बोल मग. आमची शेतं कारखान्यात गेली, नि कारखाना आमच्या चाळीत राह्याला आला. भात लावायचो तितं आता माणसं लावतो.” मग आतल्या बाजूला तोंड करून हाक मारली, “अरं संतोष, ही पोरगी तुमची हालत बघाय आली हाय. नीट दाखव रं.”

संतोषने नीट दाखवली. तो सिवानकडचा आहे, कारखान्यात पोती चढवतो. खोलीत दहा माणसं आहेत पण अंथरुणं पाच, कारण पाच कामावर असतात तेव्हा पाच झोपतात. संडासाला रांग, पाण्याला रांग. ठेकेदाराने पगार कधी कापला आणि का कापला ते कोणालाच सांगता येत नव्हतं. माझा निष्कर्ष तिथेही खूश झाला, पण थोडाच वेळ. कारण खोलीत हसण्याखिदळण्यात कोणाचंच कोणाला ऐकू येत नव्हतं. निम्मी चाळ छठपूजेला गावी निघाली होती आणि राहणारे निघणाऱ्यांच्या पिशव्या भरत होते. एकजण दुसऱ्याचा नवा शर्ट स्वतःच्या पिशवीत घालताना पकडला गेला.

मी विचारलं, इतक्या जणांना एकदम रजा मिळते कशी? मिळत नाही, संतोष म्हणाला. मुकादमाला सकाळी डोकी पुरी लागतात, चेहरे तो बघत नाही. जाणाऱ्याची पाळी गाववाला करतो. यंदा संतोषचा नंबर थांबण्याचा होता. परत येणारा ठेकुआ (गव्हाच्या पिठाचा, गुळाचा कडक तळलेला खाऊ) घेऊन येतो आणि मग थांबलेल्याच्या पाळ्या करतो. पैसे कोणी देत नाही, घेतही नाही.

“बदली का बदला बदली से ही चुकता है, मैडम,” तो म्हणाला.

दीपक गेटवर भेटला. गणवेश एक माप मोठा, टोपी दोन मापं. त्याने स्वतःहून बहिणीचा विषय काढला नाही. मी काढला तर म्हणाला, वॉचमनला दुसरा वॉचमन आल्याशिवाय गेट सोडता येत नाही आणि एजन्सी दुसरा पाठवत नाही, तेव्हा यंदाही फोनवरच. संतोष मागून येऊन ऐकत होता. त्याने दीपकच्या डोक्यावरची टोपी उचलली आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवली. त्याला ती बरोबर बसली.

“एक घंटा मैं खड़ा रहूँगा। तू बहन को बुला।”

म्हणजे इकडची बदली मिळाली होती. तिकडची नव्हती. मी तिथेच, कोळसा वाहणाऱ्या ट्रकच्या आडोशाला उभी राहून मायाला फोन लावला आणि म्हटलं, तुझ्या जागी मी. पलीकडे बदकं ओरडत होती.

मग ती म्हणाली, “पुऱ्या येतात का तुमाला?”

मी म्हटलं, येतात. पत्रकं लिहिताना मी कधी खोटं लिहीत नाही, पण हे पत्रक नव्हतं.

भाऊबीजेला सकाळी माया नवी साडी नेसून, टोपलीत मखमलीच्या माळा, अक्रोड, मोहरीचं तेल आणि सेल घेऊन निघाली. फाटकापर्यंत जाऊन चार वेळा परत आली. गॅस असा लावायचा, पाहुणे आहेत तोवर बदकांना तलावात जाऊ द्यायचं नाही, शेठना चहा बिनसाखरेचा. पाचव्यांदा मीच फाटक लावून घेतलं.

बहिणी आल्या. तिघी मोठ्या गोड होत्या, हीच पंचाईत. रागावायला जागाच ठेवत नव्हत्या. माझी पहिली पुरी पापडासारखी झाली, दुसरी पापडापेक्षा कडक. कणीक सैल झाली म्हणून पीठ घातलं, घट्ट झाली म्हणून पाणी, तोवर परातीत गावजेवणाची कणीक तयार झाली. तेवढ्यात बदकं तलावात गेली. त्यांना हाकायला मी गेले आणि मागे कढईतून धूर निघाला. शेवटी मी पुऱ्यांचा नाद सोडून पिठलं टाकलं. शेठ आत डोकावून म्हणाले, “अरे वा, आज गावरान बेत?” मी हो म्हटलं.

ओवाळताना तबक धरायला मलाच बोलावलं. बहीण शेठच्या कपाळाला कुंकू लावत होती आणि माझं लक्ष फोनकडे. माया पोचल्याचा फोन नाही, काही नाही. मुहूर्त दुपारपर्यंतचाच होता.

जेवणं झाल्यावर खरकट्या ताटांचा ढीग बघून माझ्यातली पत्रकं जागी झाली. मी मागल्या दारी राखेचं भांडं ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “इथे जो जेवतो तो आपलं ताट आपण घासतो.”

मला वाटलं, ठिणगी पडली.

“किती सुंदर कल्पना,” थोरली बहीण म्हणाली. “मुलांनो, या रे. असा अनुभव मुंबईत मिळणार नाही.”

मुलांनी राखेने ताटं घासली. बहिणींनी घासली. शेठनी घासली आणि घासतानाचा फोटो काढून घेतला. मग मला बाजूला घेऊन म्हणाले की हे आपण शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी कायम ठेवू या, वर थोडे पैसेही लावता येतील. मी बदकांकडे निघून गेले.

माया उन्हं कलताना आली. टोपली रिकामी, कपाळाला स्वतःच्याही टीका. तिला ओट्यावर बसवून पाणी दिलं, कारण ती हसत होती की रडत होती ते कळत नव्हतं.

झालं होतं असं. संतोष टोपी घालून गेटवर, दीपक केबिनच्या सावलीत सतरंजीवर. माया अक्रोड फोडायला दगड उचलते तो एजन्सीचा सुपरवायझर मोटरसायकलवरून हजर, मिठाईचे डबे वाटायला. त्याने वॉचमनच्या टोपीखाली भलताच माणूस बघितला आणि तोंड उघडलं.

“मी दगड घेऊनच उभी राह्यले,” माया म्हणाली. “म्हटलं, साहेब, बसा. तुमची बहीण कुठं असते? बोलला, जळगावला. म्हटलं, मग बसा आधी. दीपकच्या बाजूला बसवला नि त्यालाबी लावली टीका. मग काय बोलणार? सात रंग कपाळावर घेऊन माणसाला वरडता येत नाय.”

मग संतोष बसला. त्याच्याकडेही आज भैयादूज, आणि त्याच्याही बहिणी लांब. मग चाळीतले राहिलेले सगळे. माळा संपल्या तेव्हा काकूंनी परसातला झेंडू आणून दिला. अक्रोड मात्र एकच फोडला, दीपकच्या नावाचा. आधी फुटेना. तिसऱ्या दगडाला फुटला. दीपक तेव्हा पहिल्यांदा तिच्या पायाशी वाकला आणि बराच वेळ उठला नाही.

एवढं सांगून मायाने डोळे पुसले आणि विचारलं, “तुमचं ते काम झालं का? कोण बरं हाय?”

मी म्हटलं, तूच सांग, तू दोन्हीकडे बघून आलीस.

“खोली माझी चांगली,” ती म्हणाली. “पण ताई, त्यांच्याकडं बदली हाय.” मग जरा चाचरत, “संतोषनं दीपकसाठी गेट धरलं, तर मला बी काय तरी द्यायला पायजे ना? चाळीत जेवण बनवणारा छठला गावी चाललाय. मी इथनं कशी निघणार? मी त्याच्या बदली तुमचं नाव सांगून आले.”

सांगलीला परत आले त्याला आता एक दिवस झाला. मंडळाने निष्कर्ष विचारला. मी म्हटलं, आधी आपला प्रश्न सुधारू या. माणसाला पगार किती, खोली केवढी हे लिहूच, पण त्याला एक तास निघायचं झालं तर त्याच्या जागी कोण उभं राहतं, हे सगळ्यात वर लिहू. त्या हिशेबाने कर्जतची फरशी घातलेली खोली खाली येते आणि मोहोपाड्याची पाच अंथरुणं वर जातात. म्हणून ती पाचच असावीत असं मात्र मी कुणाला म्हणू देणार नाही. ठेकेदाराचं प्रकरण मी सोडलेलं नाही, आणि भिंतींच्या आतल्या बायकांच्या सणाच्या रजेचंही नाही. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, मग यातून पुस्तिका कधी होणार?

दीपक सिवानवाल्यांबरोबर गोरखपूरच्या गाडीत बसला. पुढे सरहद्द आणि घर. मायाने मला त्याचा फोटो पाठवला आहे. एका बाकावर सहाजण, खिडकीशी तो, कपाळावर अर्धवट पुसलेला पिवळा पट्टा. धुवू नको म्हणून बजावलं होतं म्हणे.

पुस्तिका थोडी लांबेल, असं मी अध्यक्षांना सांगितलं. उद्या सकाळच्या गाडीने मला मोहोपाड्याला निघायचं आहे आणि आज संध्याकाळपर्यंत आईकडून कणीक मळायला शिकायचं आहे.