विंगेतून बोललेली राई

इस्त्रीवाल्या वहिनींचा चेहरा सगळी गल्ली ओळखायची, पण त्यांच्या आवाजाची किंमत फक्त नाटकवाल्यांना. दिवसभर नवऱ्याबरोबर दुकानात इस्त्री फिरवायची आणि संध्याकाळी हौशी मंडळाच्या नाटकात विंगेत उभं राहून प्रॉम्प्टिंग करायचं. अहो, काय ते प्रॉम्प्टिंग! नट अडखळायच्या आत वाक्य त्याच्या कानात. नवरा तर इतका सोकावला होता की त्यानं पाठांतरच सोडून दिलेलं. वहिनी म्हणतील ते हा म्हणे, स्टेजवरही आणि घरीही.

मग आले नवे दिग्दर्शक. म्हणाले, "या वेळी संहिता नाही. एक पवित्र राई आहे, तिथलं पानही कुणी तोडत नाही. एवढंच धरून उभ्या उभ्या सुचेल ते बोलायचं." वर वहिनींना गोड आवाजात सांगितलं, "आता प्रॉम्प्टर लागणार नाही हं. तुम्ही सुटलात!"

सुटलात म्हणे! इस्त्रीच्या धगीपासून उठून जायला बाईला तेवढी एकच तर जागा होती. तरी प्रयोगाला त्या विंगेत हजर. कुणी हटकलंच, तर राईला लावलेले हिरवे पडदे गिऱ्हाइकाचे आहेत, सांभाळायला नकोत का?

पडदा उघडला. स्टुलांवर स्टुलं रचून केलेल्या राईत नवरा लाकूडतोड्या होऊन कुऱ्हाड उगारत आला आणि थिजला. काही सुचेना. सवयीनं त्यानं विंगेकडे पाहिलं.

वहिनी कुजबुजल्या, "अहो, माझ्याकडे काय बघताय? झाडाकडे बघा!"

नवऱ्यानं छाती काढून प्रेक्षकांना सुनावलं, "अहो, माझ्याकडे काय बघताय? झाडाकडे बघा!"

हशा पिकला.

"अगंबाई, हे नाही म्हणायचं!"

"अगंबाई, हे नाही म्हणायचं!"

"कपाळ माझं!"

"कपाळ माझं!" म्हणत त्यानं कपाळावर हातही मारून घेतला. लोक खुर्च्यांवर लोळायला लागले.

तोंड दाबून हसता हसता वहिनींना लख्ख कळलं, की आज आपण बोलू तेच नाटक! मग काय विचारता, बाई वाऱ्यावर स्वार झाल्या. "इथं पाखरं झोपलीत. इथं कुणी मोठ्यानं खोकत नाही. फांदीला हात लावलात तर जेवायला मिळणार नाही, सांगून ठेवते!"

शेवटचं वाक्य म्हणताना नवऱ्याचा आवाज खरोखरच कापला. कुऱ्हाड खाली ठेवून त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या मनानं बोलला, "पण हे बोलतंय कोण?"

आता त्याच्या तोंडून उत्तर देणं शक्यच नव्हतं. वहिनी उजेडात आल्या.

"मी राई," त्या म्हणाल्या. "कधीची इथंच उभी आहे. दिसत नव्हते, एवढंच."

पडदेवाल्याला वाटलं, संपलं. त्यानं दोरीला हात घातला, तोच पहिल्या रांगेतून दिग्दर्शक ओरडले, "अरे थांब! त्यांना बोलू दे!"