आधी पाय धुवा

काल शेड आवरताना तो निळा प्लास्टिकचा कॅन हाती लागला आणि माझे कान पुन्हा शरमेने तापले. रिटायर झाल्यावर लीड्सचं घर विकून आम्ही नवराबायको दोन वर्षं मोटरहोममध्ये राहिलो, आणि शाळेच्या हाफ-टर्मच्या सुट्टीत मुलाने ब्रिस्टलहून दोघी नातींना आमच्याकडे धाडलं होतं. डेव्हनमधल्या कॅम्पसाइटवर सारखा पाऊस, गाडीभर ओल्या मोज्यांचा वास, आणि पोरींचं मिनिटामिनिटाला आत-बाहेर. आल्या आल्या मी बजावलं, "बाहेरून आलं की आधी हातपाय धुवायचे." आमच्या घरची रीतच ती. पोरी गुणाच्या, दर खेपेला शॉवर सोडून पाय धूत राहिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी डाळ धुवायला नळ उघडला, तर गाडीतली पाण्याची टाकी कोरडी ठणठणीत! यांनी सकाळीच त्या कॅनने चार खेपा घालून ती भरली होती. बिचारे पुन्हा रेनकोट चढवून, कॅन घेऊन पावसात निघाले. तेवढ्यात धाकटी चिखलाचे पाय घेऊन शॉवरकडे वळली, आणि मी किंचाळलेच, "खबरदार पाय धुतलेस तर! टॉवेलला पूस!" तिचे डोळे भरून आले. "पण आजी, तूच सांगितली ना, always धुवायचं?" आता आम्ही पुन्हा पक्क्या घरात राहतो, हवं तेवढं पाणी आहे. ती धाकटीही नोकरीला लागली आहे. येते, बूट काढते आणि थेट सोफ्यावर पाय वर घेऊन बसते. आणि धू म्हणायला माझी जीभ रेटत नाही.