काकवीच्या ड्रममधल्या करवंट्या

अंगठा पेरभर आत गेला. काँक्रीट टाकून अख्खा दिवस उलटला होता आणि ते अजून मऊच होतं.

जागा पाटसजवळची, आमच्या साहेबांच्या सासऱ्यांची. कारेगावच्या रेडीमिक्स प्लांटवर मी लॅब बघतो. साहेबांच्या डोक्यात खूळ शिरलं की काँक्रीटमध्ये खडीऐवजी नारळाच्या करवंट्यांचे तुकडे घालायचे. माल हलका होतो, कचराही मार्गी लागतो. खूळ वाईट नव्हतं. पण कस्टमरवर प्रयोग करायची हिंमत नव्हती, म्हणून साहेबांनी सासरा निवडला.

सासऱ्यांना, म्हणजे आप्पांना, घरापासून संडासापर्यंत पायवाट हवीच होती. साहेबांच्या सासूबाईंचं, म्हणजे आक्कांचं, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. शनिवारी त्या वॉकर घेऊन घरी येणार होत्या आणि अंगणात सगळे दगडगोटे. आज शुक्रवार होता.

साहेबांचा फोन आला. "सेट झालं?"

"नाही सर."

"म्हणजे करवंटी फेल?"

"तसंच वाटतंय." करवंटीवर ढकलून मी मोकळा झालो. ती थोडीच उलट बोलणार होती.

"आक्का पडल्या तर मी घरी तोंड दाखवायचं नाही आणि तू प्लांटवर."

करवंटी पाणी पिते. कोरडीच घातली तर मिक्समधलं पाणी शोषते, म्हणून आधी दिवसभर भिजवायची. हे मी आप्पांना फोनवर सांगितलं होतं. त्यांनी निळ्या ड्रमांत भिजवली. पाणी तपकिरी झालेलं मी पाहिलं होतं, पण करवंटीचा रंग उतरला असेल म्हणून गप्प बसलो.

आता त्या ड्रमांच्या काठाला मुंगळे लागले होते. तळाच्या पाण्यात बोट बुडवून चाटलं. गोड.

"आप्पा, ह्यात आधी काय होतं?"

"काकवी. आपल्या गुऱ्हाळाची."

"धुतले नाहीत?"

"इसाळले की. आन् करवंट्या काढल्यावर त्येच पाणी मिक्सरला घातलं. वाया कशापायी घालवायचं?"

मी कपाळाला हात लावला. साखर म्हणजे सिमेंटची वैरीण. थोडी जरी पोटात गेली, तरी सिमेंट घट्ट व्हायचंच विसरतं. करवंटी बिचारी निर्दोष होती. साहेबांना तसं कळवलं.

"उकरायचं?"

"नको सर. वर गोणपाट टाकून ओलं ठेवू, होईल घट्ट. बहुतेक."

'बहुतेक' त्यांना आवडलं नाही.

शनिवारी आक्का आल्या. आम्ही चौघांनी पायवाटेच्या दोन्ही कडांनी चालत त्यांना खुर्चीसकट संडासापर्यंत नेलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आक्कांनी खुर्चीतून खाली बघितलं.

"इंजिनियर, शिरा ब्येस झालाय. येलदोडा तेवढा राह्यला."

मंगळवारी अंगठा आत गेला नाही. बुधवारी आक्का वॉकर ठोकत एकट्या निघाल्या. साहेब, आप्पा आणि मी, तिघं श्वास रोखून मागं उभे. त्या पोचल्या, दार लावलं आणि आतून आवाज आला.

"आता जावा की समदी. हितं हुबं काय राह्यलाय?"

गेलो. तेव्हापासून भिजवायला सांगताना कशात भिजवायचं, तेही मी सांगतो.