दुपट्ट्याखालची नाडी

गुरुवार, १६ नोव्हेंबर १९६१. सकाळचे आठ वाजून वीस मिनिटे. पुसदपासून अकरा मैलांवरच्या बैलबाजारात शेख रहमत यांचा उजवा हात दुपट्ट्याखाली होता आणि त्या हातात उमरखेडकडच्या रामराव नावाच्या शेतकऱ्याचा हात होता. रहमतभाई आकाशाकडे पाहत होते. आकाशात काही नव्हते.

रहमतभाई बैलांचे दलाल. वय एक्कावन्न, धंद्यात बावीस वर्षे. या बाजारात बैलाचा भाव तोंडाने बोलत नाहीत. दोन हातांवर दुपट्टा टाकतात आणि आत बोटे धरून आकडा सांगतात. एक बोट म्हणजे शंभर, चार बोटे म्हणजे चारशे, मधले पेर दाबले की वर पन्नास. भोवती उभ्या असलेल्या वीस माणसांना काही कळत नाही. चेहऱ्यावरून कळू नये म्हणून दलाल आकाशाकडे पाहतो.

पण मुरलेला शेतकरी बोटे धरताना अंगठा हळूच दलालाच्या मनगटावर ठेवतो. बैलात खोट असेल किंवा भाव फुगवलेला असेल तर दलालाची नाडी पळते, असा सगळ्या बाजाराचा पक्का समज आहे. रहमतभाईंचे नाव झाले ते या मनगटावर. बावीस वर्षांत ते कधी हलले नाही. ‘थंड हाताचा दलाल’ म्हणून लोक त्यांना शोधत येत.

त्या सकाळी रामरावांनी अंगठा ठेवला, थोडा वेळ ठेवला आणि हात बाहेर काढून घेतला.

“रहमतभाई, बैलाले काय झालं?”

“बैलाले काय होते? काही नाही.”

“मंग तुमचा हात काहून उडून राह्यला?”

“कोनाचा?”

“तुमचा. बेंडकुळी धरल्यावानी लागते.”

रहमतभाईंनी स्वतःचे मनगट धरून पाहिले. खरेच उडत होते. दोन ठोके जवळजवळ, मग खंड, मग चार एकदम, मग एक हलकासा, विसरून आल्यासारखा. जोडी नेमसिंग नाईक यांची होती, सहा दाती म्हणजे ऐन उमेदीतली, निर्दोष. रामरावांनी तासभर तपासली. दात पाहिले, खूर ठोकून पाहिले, शेपूट वर केले, डोळ्यांपुढे दुपट्टा हलवला. काहीच सापडले नाही. त्यामुळे त्यांचा संशय आणखी वाढला.

“दिसत नाही म्हन्जे खोट मोठी हाय,” असे म्हणून ते निघून गेले.

पुढच्या दोन बाजारांत हेच झाले. तिसऱ्या गुरुवारपर्यंत पुंडलिकराव नावाच्या दुसऱ्या दलालाने याला नियमाचे रूप दिले होते. “रहमतचा हात उडला की बैल खोटा समजाचा. हात कधी खोटं बोलत नाही बावा.” पुंडलिकरावांचा स्वतःचा हात घामाने नेहमी ओला असतो. पण नाडी ठीक होती.

नेमसिंग दरवर्षी होळीच्या सुमारास तांड्याकडच्या वीस-पंचवीस जोड्या विकायला आणतात. सगळ्या रहमतभाईंच्या हातून जातात आणि वर्षाच्या कमाईतला मोठा वाटा त्याच जोड्यांचा असतो. नेमसिंग दुपट्टा झटकून उठले आणि म्हणाले, “रहमत, तू मानूस चांगला हायेस. पन हात बिघडला. होळीपरेंत दुरुस्त कर. नाही त मले पुंडलिकरावले जोड्या द्या लागन.”

चार महिने होते.

पुसदच्या डॉक्टरांनी रहमतभाईंचे मनगट तीन बोटांनी धरले. रहमतभाईंनी सवयीने खांद्यावरचा दुपट्टा त्यावर टाकला.

“हे काय?” डॉक्टरांनी विचारले.

“काही नाही साहेब. तीनशे समजलो मी.”

डॉक्टरांनी दुपट्टा बाजूला केला, घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजले, मग छातीला नळी लावून पुन्हा मोजले. मनगटात एकशे आठ, छातीत एकशे बत्तीस. बाकीचे चोवीस ठोके मनगटापर्यंत पोचतच नव्हते. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकसत नाहीत, नुसते थरथरतात, असे डॉक्टरांनी समजावले. बेतालपणा तर आहेच, पण त्या बेतालपणालाही काही ठरलेला ताल नाही. दुर्लक्ष केले तर रक्ताची गुठळी होऊ शकते, अर्धांगवायू होऊ शकतो. रोज एक गोळी, ती कोणाच्याही सांगण्यावरून सोडायची नाही. जेवण रात्री थोडे, लवकर, मीठ बेताचे. तंबाखू बंद.

“आणि चहा किती होतो?”

“असाच. थोडा.”

“उन्नीस,” दाराशी उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नी खातूनबी म्हणाल्या. “बाजार के दिन उन्नीस. बाकी दिन नौ. मैं गिनती जी.”

“बंद,” डॉक्टर म्हणाले.

“दहा,” रहमतभाई म्हणाले.

“अहो, हा बैल नाही.”

“मंग सहा. साहेब, माह्या धंद्यात सौदा चायवर पक्का होते. इकनारा एक पाजते, घेनारा एक पाजते. दलालानं कप परत केला म्हन्जे सौदा मोडला. मी चाय सोडली त बाजारच सुटते.”

सौदा दोन कपांवर पक्का झाला. खातूनबी साक्षीदार होत्या आणि त्यांनी हे काम पुढे फार गंभीरपणे केले.

घरी त्यांनी स्वयंपाक बदलला. मटणाच्या रश्शावरची तर्री काढून टाकली, नंतर मटणही आठवड्यातून एकदाच. रात्री सात वाजता ज्वारीची एक भाकर, लौकीची म्हणजे दुधी भोपळ्याची भाजी आणि लसणाच्या दोन पाकळ्या. लौकी बारा दिवस सलग झाली तेव्हा रहमतभाई म्हणाले की मी बैल विकतो, याचा अर्थ मी बैल आहे असा नाही. खातूनबींनी तेराव्या दिवशी मेथी केली.

बाजारात जो भेटेल तो उपाय सांगत होता. एकाने पांढरा कांदा सांगितला, एकाने डाव्या कुशीवर झोपू नका म्हणून सांगितले, एका पोलीस पाटलाने उजव्या कुशीवर. रहमतभाईंनी त्यांपैकी एकच ऐकला. बाजाराच्या कडेला मुळ्या आणि साली घेऊन बसणाऱ्या रुपीबाई कोलाम यांनी अर्जुनसादड्याची साल दिली. तोळाभर साल कुटून दूध-पाण्यात उकळायची, पाणी आटेपर्यंत.

रहमतभाई हे डॉक्टरांना विचारायला गेले. डॉक्टर म्हणाले, साल घ्यायची तर माझ्या नजरेखाली घ्या, दर पंधरा दिवसांनी नाडी दाखवा, पण गोळी सोडू नका. ही गोळीसुद्धा एका विलायती झाडाच्या पानापासूनच निघाली आहे. रहमतभाईंनी हे रुपीबाईंना येऊन सांगितले.

“म्हन्जे तो बी पालाच देते?” रुपीबाई म्हणाल्या. “मंग खुर्चीवर काहून बसते?”

सालीचा फायदा किती झाला हे सांगणे कठीण आहे. पण एक फायदा निश्चित झाला. दुधात उकळलेला हा काढा रंगाने थेट चहासारखा दिसतो. रहमतभाई तो बाटलीत भरून बाजारात नेऊ लागले. सौदा ठरला की हॉटेलवाल्याकडून रिकामा कप घ्यायचा, बाटलीतून ओतायचे आणि सर्वांसमक्ष प्यायचे. चव तुरट, जांभळाच्या बियांसारखी. चेहरा वाकडा न करता पिण्याला त्यांची बावीस वर्षांची तालीम उपयोगी पडली. एकदा मात्र बाटली पाहून चर्चा झाली. शेवटी नेमसिंगनी पुढे होऊन एक घोट घेतला आणि जाहीर केले, “दारू नाही. दारू असती त माहं तोंड इतकं वाईट झालं नसतं.”

फेब्रुवारीत रमजान लागला. डॉक्टरांनी गोळी पहाटेच्या सहरीला घ्यायला सांगितली आणि चक्कर आली तर रोजा सोडायचा, असे बजावले. चक्कर आली नाही. दिवसभर चहा नाही, पान नाही, तंबाखू नाही. तीस दिवसांत नाडी कधी नव्हती इतकी सुधारली. इफ्तारला भजी खाल्लेल्या दिवशी ती बिघडे, आणि ते खातूनबींना मनगट न धरताही कळे.

ईदनंतर डॉक्टरांनी पुन्हा मोजले. छातीत ब्याऐंशी, मनगटात अठ्ठ्याहत्तर. चालताना लागायची ती धाप थांबली होती, रात्री उंच उशा न घेता झोप लागत होती. डॉक्टर म्हणाले, गोळीचा गुण. रुपीबाई म्हणाल्या, सालीचा. खातूनबी म्हणाल्या, एकोणीस वजा सतरा.

“पन सरळ झाली का?” रहमतभाईंनी विचारले.

“सरळ नाही. हळू झाली आहे. उड्या आहेतच. बहुधा आता अशीच राहील.”

होळीला सहा दिवस होते. रहमतभाई बाकावर बसून राहिले. प्रकृती सुधारली होती आणि धंदा गेला होता. नाडी एकशे आठ वरून अठ्ठ्याहत्तरवर आली हे बाजारात कोणी मोजत नाही. बाजारात अंगठा फक्त उड्या ओळखतो.

“बहुधा ऐसाच रहेगा, तो लिखके देने को बोलो ना,” शेजारी बसलेल्या खातूनबी म्हणाल्या.

“काय लिहून?” डॉक्टरांनी विचारले.

“यही. के हाथ हमेशा उडता. बैल का कुछ लेना-देना नहीं.”

डॉक्टरांनी हसत कागद घेतला, लिहिले आणि रहमतभाईंच्या आग्रहावरून त्यावर गोल शिक्का दोनदा मारला.

गुरुवार, १५ मार्च १९६२. नेमसिंग तेवीस जोड्या घेऊन आले होते. पुंडलिकराव त्यांच्या शेजारी हात पुसत उभे होते. रहमतभाईंनी कागद पावत्या फाडणाऱ्या कारकुनाला दिला. त्याने मोठ्याने वाचला: “शेख रहमत यांची नाडी आजारामुळे कायम अनियमित असते. तिचा त्यांच्या मनातील विचाराशी संबंध नाही.”

“कोनत्या बैलाले झालं म्हनते?” मागून एकाने विचारले.

“बैलाले नाही बे, दलालाले.”

“कागद कोनीबी आनते,” पुंडलिकराव म्हणाले. “हात सांगन ते खरं.”

“त पाहूनच घ्या ना,” रहमतभाई म्हणाले आणि मनगट पुढे केले.

गर्दीत रामराव होते. नोव्हेंबरपासून त्यांनी बैल घेतला नव्हता, कारण त्या निर्दोष जोडीतली खोट त्यांना अजून सापडली नव्हती. त्यांनी पुढे येऊन अंगठा ठेवला.

“उडून राह्यला. हळू हाय पन उडून राह्यला. आता खोटं बोला काहीतरी.”

रहमतभाईंनी आकाशाकडे पाहिले. “पुंडलिकराव लय सज्जन मानूस हाय.”

लोक हसले. रामराव हसले नाहीत, ते मोजत होते. “तसाच हाय. आता खरं बोला.”

“मले चाय पाह्यजे.”

“तसाच,” रामरावांनी सांगितले. “खऱ्याले बी तसाच, खोट्याले बी तसाच.”

मग रांग लागली. कारकुनाने मोजले त्याप्रमाणे एकतीस जणांनी मनगट धरले. कोणी त्यांच्या बापाचे नाव विचारले, कोणी त्यांनी आज काय खाल्ले ते. लौकी म्हणतानाही हात तसाच उडाला. शेवटी नेमसिंगनी स्वतः धरून पाहिले, बराच वेळ धरून ठेवले आणि सोडले.

“चाळीस वर्षं झाली मले बैल इकून,” ते म्हणाले. “असा दलाल पाह्यला नाही. आतून काय हाय, कोनाच्या बापाले समजनार नाही. थंड हात बी एखाद्या दिवशी गरम होते. हा कायले होते? पुंडलिकराव, तुमी बसा.”

खरीददारांनाही हे पटले. जो हात काहीच सांगत नाही, तो आपल्या मनातला भाव विकणाऱ्यालाही सांगणार नाही. शिवाय मनगट उपयोगाचे राहिले नाही म्हटल्यावर लोक बैलांचे दात नीट पाहू लागले, आणि नेमसिंगच्या बैलांचे दात चांगले आहेत. दुपारी चारपर्यंत तेवीसपैकी एकोणीस जोड्या गेल्या. त्यात नोव्हेंबरची ती सहा दाती जोडीही होती. ती रामरावांनीच घेतली, तेव्हापेक्षा पन्नास रुपये वर देऊन. कागदाची नक्कल मिळेल का, असेही त्यांनी विचारले.

पुंडलिकरावांनी त्या दिवशी लागोपाठ सात कप चहा घेतला असे हॉटेलवाला सांगतो. पुंडलिकराव म्हणतात, पाच.

रहमतभाई सहाच्या गाडीने पुसदला परतले. घरात शिरताच त्यांनी टोपी खुंटीला लावली आणि फर्मान सोडले.

“अब नाडी का काम नहीं रहा. बाजार मान गया. चाय बनाओ, पूरी पत्ती डालके.”

खातूनबींनी त्यांच्याकडे पाहिले. “बाजार मान गया. मैं कब मानी?”

“एक कप.”

“आज दो हो गये. हॉटेल में सौदे के बाद एक, बस स्टँड पे एक.”

“तेरेकू कौन बोला?”

“तुमने. अभी.”

 रहमतभाईंनी खांद्यावरचा दुपट्टा काढून पत्नीच्या हातावर टाकला आणि खाली एक बोट धरले. खातूनबींनी बोट सोडवून घेतले, दुपट्टा घडी करून दिला आणि पितळी पुढे ठेवली. पितळीत भाकर होती आणि लौकी.

उद्या शुक्रवार, बाजार नाही. सकाळी सहा वाजता एक गोळी, साडेसहाला तोळाभर सालीचा काढा, आठ वाजता पहिला चहा आणि जुम्म्याच्या नमाजनंतर दुसरा.