मनातल्या मडक्यावरची रोटी

सीटी स्कॅनची काळी फिल्म खिडकीच्या उजेडात धरून डॉक्टर म्हणाले, "हा स्ट्रोक आहे. मेंदूच्या उजव्या भागाला रक्त नेणारी नळी बंद झाली, म्हणून डावा हात-पाय गेला."

स्ट्रोक म्हणजे आपण ज्याला लकवा म्हणतो तो. पण 'गेला' हा शब्द मला मुळीच पटला नाही. हात माझ्याच मांडीवर पडलेला होता. मी बोबड्या बोलीत विचारलं, परत कधी येईल? डॉक्टर म्हणाले, "पाय सुधारेल असं वाटतं. हाताचं आत्ता सांगता येत नाही."

नेमकं हाताचंच मला हवं होतं. मी नागपुरात लग्नकार्यांत लांब रोट्या करते. बाहेरगावच्यांसाठी सांगते, या रोटीला पोळपाट-लाटणं लागत नाही. सैलसर कणकेचा गोळा या हातावरून त्या हातावर खेळवत कोपरापर्यंत लांबवायचा आणि चुलीवरच्या पालथ्या मडक्यावर टाकायचा. एका हाताने ही रोटी होत नाही. माझी ओळख, माझा तोरा, सगळं या दोन हातांवर होतं.

लकवा आला त्या सकाळी कोराडीकडच्या एका लग्नात मी रोट्या करत असताना डाव्या हातावरचा गोळा निसटून थेट चुलीत गेला. दुसराही गेला. सोबतच्या बाया म्हणाल्या, "ऊन लागलं तुले." कोणी कांदा हुंगवला, कोणी तळहाताला तेल चोळलं. तोंड वाकडं झालं तेव्हा कुठे मला गाडीत घातलं. रक्ताची गाठ विरघळवणारं एक इंजेक्शन असतं, पण ते ठरावीक वेळेतच देता येतं, आणि ती वेळ निघून गेली होती. म्हणून सांगते, तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं बोबडं, यातलं एक जरी अचानक दिसलं तरी कांदा बाजूला ठेवा आणि मोठा दवाखाना गाठा.

पहिले काही दिवस तपासण्यांत गेले. एमआरआय, म्हणजे बोगद्यासारख्या मशीनमध्ये झोपवून मेंदूचे फोटो काढतात. मग टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. प्रत्येक दारापुढे व्हीलचेअरवर बसून वाट बघायची. मी रडले, खोटं कशाला सांगू? पण रडूनही हात हलेना, तेव्हा मला रडण्याचाच राग आला.

मग फिजिओथेरपीच्या डॉक्टरबाई आल्या. तरुण, बोलण्यात पक्क्या. म्हणाल्या, "काकू, रोज हाताचा व्यायाम करू. त्याआधी डोळे मिटून तुम्ही मनात रोट्या करायच्या. याला मोटर इमेजरी म्हणतात." म्हणजे हालचाल प्रत्यक्ष न करता ती मनातल्या मनात करणं. तसं करताना मेंदूचा बराचसा तोच भाग कामाला लागतो, असं त्यांनी समजावलं. "नुसत्या विचाराने हात उठणार नाही," हेही बजावलं. "पण व्यायामाला त्याची मदत होऊ शकते."

मला हसूच आलं. कल्पना करणं म्हणजे रिकामटेकड्यांचा धंदा, असं माझं मत. तरी डोळे मिटले. मांडव दिसला, चूल दिसली, आणि चुलीपुढे ठेवणीतली साडी नेसून मी झोकात बसलेली दिसले.

बाईंनी विचारलं, "काय दिसतंय?"

मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "काकू, रोटी करताना तुम्हाला स्वतःचा चेहरा दिसतो का?"

नाही दिसत. माझी चूक माझ्या लक्षात आली. हल्ली लग्नात व्हिडिओवाले आमच्या चुलीभोवतीच फिरत असतात, आणि मी स्वतःला त्या व्हिडिओत बघत होते. बाई म्हणाल्या, "बघायचं नाही, करायचं. धग, कणकेचं वजन, सगळं आतून आलं पाहिजे."

अवघड होतं ते. साडी चटकन दिसायची, डावा हात मात्र मनातही जड! मी हट्टाला पेटले. सकाळी चहानंतर, दुपारी जेवणानंतर, व्यायामाच्या आधी, डोळे मिटले की मडकं. एका दुपारी गोळा नीट लांबला, मडक्यावर टाकायला गेले आणि तो डाव्या तळव्यालाच चिकटून बसला. कितीही झटकला तरी सुटेना. मग आठवलं, हाताला पाणी लावायचंच राहिलं होतं! मी मोठ्याने हसले.

माझे यजमान हिंगण्याच्या कंपनीतली शिफ्ट संपवून नुकतेच येऊन बसले होते. घाबरून म्हणाले, "काहून हासून राहिली वं?"

"पाणी नाही लावलं, म्हणून कणीक चिकटली."

मग त्यांनी तळहात पुढे केला. "बरं, चांगली झालेली एखादी मले दे."

तेव्हापासून रोज आले की हात पुढे करायचे, मी मनातली रोटी द्यायची, ते फुंकर मारून खायचे. शेजारच्या खाटेवर काटोलच्या एक काकी होत्या, त्यांचा उजवा हात गेलेला. आधी म्हणाल्या, "हिचं डोस्कंबी गेलं का काय?" चार दिवसांनी हळूच म्हणाल्या, "मलेबी शिकव ना वं." त्यांची संत्र्यांची बाग, म्हणून त्यांना मनात संत्री तोडायला लावली. पण काकी झाड सोडून थेट बाजारात पोचायच्या आणि व्यापाऱ्याशी भांडायला लागायच्या. त्यांना परत झाडाखाली आणणं हे माझं काम झालं.

एका सकाळी व्यायाम सुरू असताना माझा डावा अंगठा हलला. बाई म्हणाल्या, "ही सुरुवात आहे." त्या सुरुवातीवर मी काठी घेऊन घरी आले आणि घरीही महिनोन्महिने दोन्ही सोडलं नाही, व्यायामही आणि मडकंही.

आता मला वाटतं, कल्पना मी जन्मभर वापरत आले आणि तिला नावं ठेवत आले. पीठ मळण्याआधी मला पंगत दिसते. रोटी हातावर असतानाच ती मडक्यावर कुठे पडणार ते दिसतं. घर बांधणारा असो की कपडा बेतणारा, माणसाने केलेलं सगळं आधी असंच कोणाला तरी दिसलेलं असणार. तुमच्यापैकी कोणावर ही वेळ आली तर औषध घ्या, व्यायाम करा, आणि आपलं आवडतं काम मनात चालू ठेवा. डॉक्टरबाईंचे उपकार मी विसरणार नाही.

परवा परसात चूल पेटवली. कणीक यजमानांनी मळली, म्हणजे गाठी असणारच. मी मडक्याकडे बघत बसले. नाहीच जमलं तर? एवढा विचार होतोय तोवर डावा हात उठला आणि आपणहून पाण्याच्या वाटीत गेला. मी त्याला सांगितलं नव्हतं. या वेळी हात पाणी विसरला नव्हता. माझे डोळे भरून आले.

रोटी कोपरापर्यंत आली नाही, मनगटाच्या जरा वर थांबली. मधोमध फाटलीही. यजमानांनी सवयीने तळहात पुढे केला. मी ती मडक्यावरून उचलून त्यावर ठेवली.

"अवं, भाजलं ना!" ते ओरडले.

माझ्या रोट्यांचं इतकं कौतुक आजवर कोणी केलं नव्हतं.