ओंडक्यातलं शिसं

अ‍ॅन्सल हेन्सली म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. डेल्फियाने त्याच्याशी लग्न ठरवलं तेव्हा मी तिला तोंडावर सांगितलं होतं, "बाई गं, हा माणूस बोलतो कमी आणि ऐकतो त्याहून कमी." ती म्हणाली, "बोलायला मी आहे ना." ते मात्र खरं होतं. टेनेसीच्या आमच्या या डोंगरात तिच्याएवढी बोलणारी बाई झाली नाही. वर्षातून एकदाच ती गप्प बसायची. मका काढून झाला की चर्चमागच्या कुरणात बैलाच्या वाट्यांसाठी नेमबाजी होते, तेव्हा. कारण त्या वेळी तिच्या गालात चिंध्या असायच्या.

अ‍ॅन्सलची बंदूक ठासणीची, एकनळी, आजोबांच्या हातची. एका बाराला एकच गोळी. आधी नळीत मापाने काळी दारू ओतायची, मग गोळी ओल्या चिंधीत गुंडाळून गजाने खाली ठासायची. चिंधी थुंकीनेच ओली करतात, निदान आमच्याकडे तरी. अ‍ॅन्सलने न बघता डावा हात मागे करायचा आणि डेल्फियाने गालातली चिंधी काढून त्याच्या तळहातावर ठेवायची. बायका हसायच्या. मी तर सरळ म्हणायचे, "शी, काय हे." दोघांना काडीचा फरक पडायचा नाही.

बैलाचे चार पाय म्हणजे चार वाटे, पाचवा वाटा कातडं आणि चरबी. सहावा वाटा म्हणजे नेमाच्या फळीमागच्या ओकच्या ओंडक्यात घुसलेलं सगळ्यांचं शिसं. पहिला येईल त्याने आधी निवडायचं. मागचे पाय आधी उचलले जातात, शिसं राहतं सहाव्याला. तो बहुतेक ड्यूई साइझमोर असतो. तो ते वितळवून मासे धरायच्या गळाला वजनं करतो.

डेल्फियाच्या शेवटच्या वर्षी मांस वाटून होतंय तोवर गारा आल्या. सगळे गाड्यांकडे पळाले आणि शिसं ओंडक्यातच राहिलं. त्या हिवाळ्यात छातीत कफ भरून माझी बहीण गेली. पुढच्या वर्षी कुणी नेमबाजीचं नावच काढलं नाही. ओंडका चर्चच्या छपराखाली पडून होता.

यंदा वसंतात पुन्हा त्याच ओंडक्यावर नेमबाजी ठरली, तेव्हा अ‍ॅन्सल माझ्या ओसरीवर येऊन बसला. ताकाचा पेला संपवला, टोपी गुडघ्यावर फिरवली.

"ओमा, मला ते शिसं हवंय."

"मग ड्यूईला सांग. दारात आणून टाकेल."

"तो विचारेल, कशाला. मला सांगता यायचं नाही."

मलाही विचारायची गरज नव्हती. डेल्फियाने ओल्या केलेल्या चिंध्यांमधून गेलेल्या शेवटच्या गोळ्या त्या ओंडक्यात होत्या.

"मग जिंकून घे," मी म्हटलं.

"बंदूक लागत नाहीये, गोळी भलतीकडेच जाते," तो म्हणाला. आणि रडायच्या बेतात आला, म्हणून मी त्याला हाकलून दिलं.

तेव्हापासून ओढ्यापलीकडून रोज धडाम धडाम. गोठ्यामागे ओटच्या पोत्यावर नळी टेकवून तो बार काढायचा. दारू चिमूटभर वाढवायची, चार गोळ्या मारायच्या, नळी पुसायची, चिमूटभर कमी करायची, पुन्हा चार. दारू दुसऱ्या दुकानची आणली. गोळ्यांचा साचा नवा केला. फळी बघावी तर कोंबड्यांनी दाणे टिपल्यासारखी, भोकं इकडे एक तिकडे एक. मी शेंगा आणि मक्याची भाकरी घेऊन जायचे, ती तशीच झाकलेली राहायची.

"बंदुकीला कळलंय, ती नाही ते," एकदा म्हणाला.

"लोखंडाला काय कळतंय, डोंबल? डोकं ठिकाणावर ठेव आणि जेव." असं बोलून मी घरी आले आणि चुलीपुढे बसून पोटभर रडले. बहीण माझीही होती.

उन्हाळा उतरला तरी तेच. एक दिवस तो गवतात वाकून काहीतरी वेचत होता. बार काढल्यावर चिंधी उडून पुढे पडते. ती बघितली की आत काय झालं ते कळतं. त्याने मूठ उघडून दाखवली. सगळ्या चिंध्या जळक्या, मधोमध चिरलेल्या.

"चिंधी फाटली की गोळी भरकटते," तो म्हणाला. "दारू कमी करून करून बघितली, तरी फाटतेच."

मी त्याच्या पिशवीतली कोरी चिंधी घेतली. गादीच्या खोळीचं पट्ट्यापट्ट्यांचं कापड, नेहमीचंच. बोटांत चुरगाळलं तर कडकड वाजलं. खळ तशीच होती, दुकानाचा वाससुद्धा होता.

"हे धुतलंस कधी?"

"धुवायचं असतं?"

चाळीस वर्षं डेल्फिया अंगणातल्या कढईत ते कापड उकळायची, राखेच्या साबणाने घासायची, कुंपणावर वाळवायची, पुन्हा उकळायची. खळ जाऊन कापड कानाच्या पाळीसारखं मऊ होईपर्यंत. हा बाबा रोज त्या कुंपणाजवळून जायचा.

"मला वाटायचं, गादीच्या खोळी धुतेय," तो म्हणाला. मग तिथेच गवतात बसला. "इतकी वर्षं मला वाटलं, बंदूक लागते ती माझ्या मापामुळे."

मला चार शब्द सुनवायचे होते. त्याऐवजी कापड उचललं आणि कढईखाली जाळ केला.

धुतलेल्या चिंधीने, जुन्याच मापाने, बंदूक पहिल्यासारखी लागली. गोळीवर गोळी, एका भोकात. तो हसलासुद्धा नाही.

नेमबाजीच्या दिवशी मी त्याच्या डाव्या अंगाला उभी होते. चिंधी तो स्वतःच्याच तोंडात ओली करत होता. पण दर बाराआधी त्याचा डावा हात आपसूक मागे यायचा, तळवा वर. थोडा वेळ तसाच राहायचा, मग परत जायचा. माझ्याच्याने बघवेना, मी डोंगराकडे तोंड केलं.

काळ्या केलेल्या फळीवरच्या फुलीत त्याच्या तिन्ही गोळ्या. पहिला आला.

"बोल अ‍ॅन्सल, कुठला पाय देऊ?" खाटकाने विचारलं.

"शिसं."

मग ड्यूई म्हणाला, "काका, दात गेले म्हणून मांस सोडू नका. मी चावून देतो हवं तर."

"ड्यूई," मी म्हटलं, "तोंड मीट आणि कुऱ्हाड आण."

ओंडका फोडला. यंदाच्या गोळ्या चकचकीत होत्या, त्या अ‍ॅन्सलने बाजूला सारल्या. जुन्या काळवंडलेल्या, त्या टोपीत गोळा केल्या. चपट्या झालेल्या, वेड्यावाकड्या. पण त्या वर्षी सगळ्या गावाने गोळ्या झाडल्या होत्या, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं. टोपीत हात तसाच राहिला.

मग एक तुकडा त्याने उलटा केला. शिशाच्या पाठीवर कापडाच्या विणीचा बारीक ठसा उमटला होता, उभा-आडवा धागा.

"ओमा, बघ. हे तिचंच ना?"

खोळीचं कापड आम्ही सगळे खालच्या एकाच दुकानातून आणतो. घट्ट ठासलेल्या कुठल्याही गोळीवर तोच ठसा येतो, त्याला तर माझ्यापेक्षा जास्त माहीत. आणि कुणाला बरं वाटावं म्हणून मी जन्मात कधी बोललेली नाही, कुणालाही विचारा.

मी चष्मा लावला. तुकडा डोळ्यांजवळ नेला.

"तिचंच," म्हटलं. "एवढं मऊ कापड दुसऱ्या कुणाचं असणार?"

त्याने तो शर्टाच्या खिशात ठेवला आणि दुसरा पुढे केला.

"आणि हे?"

टोपीभर तुकडे होते. मी फुटक्या ओंडक्यावर बसले आणि एकेक हातात घ्यायला लागले.